तिसरी खाच

"म्हणजे ह्याही गाडीचा मागचा शॉकअप कडकच?" मेकॅनिकनं विचारलं, आणि तेलकट बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून कडेनं धरलेला मजकुराचा कागद त्याला परत केला. प्रश्न साधाच होता, चहा घेणार का अशा सुरात विचारलेला. पण त्याला तो झोंबला. एकवीस वर्षं मोटारसायकली चालवून त्यांच्याबद्दल मासिकात लिहिणाऱ्या माणसाला वर्कशॉपमध्ये उभं करून असलं काही विचारतात का? "कडक आहे म्हणून कडक लिहिलंय," तो म्हणाला. "खात्री करायची तर माझ्या कमरेला विचार." "नाही हो, आपलं सहज. ह्या वेळच्या तिन्ही गाड्या कडक, मागच्या महिन्यातली कडक, त्याच्या आधीची कडक. सगळ्या कंपन्यांनी मिळून तुमच्या कमरेवर डूख धरलाय की काय असं वाटलं." असं म्हणून मेकॅनिक हिरव्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला, आणि बसल्यावर त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं बोटानं स्प्रिंगच्या खालची कडी दाखवली. "साहेब, ही कंपनीकडून आली तेव्हा पहिल्या खाचेवर होती. मी स्वतः बघितलं होतं. आता तिसरीवर आहे." मग काळी बघितली, मग तांबडी. त्याही तिसरीवर. "तुम्ही एकटेच चालवताय ना हल्ली?"

हल्ली, हा शब्द त्यानं किती जपून वापरला होता! कडीला पाच खाचा असतात. आकडीचा पाना अडकवून कडी फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी मागून ताठ होते. एकटा माणूस असेल तर पहिली खाच, डबलसीट असेल तर तिसरी. हे शेंबड्या पोरालाही समजतं, आणि त्याला तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. आज सकाळी सीटवर हेल्मेट ठेवलं, हातमोजे खिशात कोंबले, इथपर्यंत त्याला आठवत होतं. मग तो गुडघ्यावर बसला असणार. डावीकडे दोन हिसके, उजवीकडे दोन हिसके, टक् टक्. मग पाना पुसून डब्यात. हे त्याला आठवत नव्हतं. माणूस कुलूप लावतो आणि जिन्यावर थबकून लावलं का म्हणून आठवू लागतो, तसं झालं होतं. हात आपले काम करून मोकळे झाले होते. दर गाडीला, दहा महिने. मेकॅनिक बिचारा नसलेला डाग फडक्यानं पुसत राहिला.

तिन्ही गाड्या ओळीनं उभ्या होत्या. गोल दिवे, क्रोमचे काठ, थेंबासारख्या टाक्या, तारांची चाकं. बघणाऱ्याला वाटावं चाळीस वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि आत सगळं आजचं. ब्रेकमध्ये कॉम्प्युटर, वेगाच्या घड्याळात फोन. सायलेन्सरमधला तो जुना धपधप आवाजही कुणीतरी प्रयोगशाळेत बसून बेतलेला. लोकांना जुनं हवं असतं, पण गळणारं तेल नको असतं आणि थंडीत वीस किका मारणं नको असतं. अशा गाड्या पहिल्यांदा आल्या तेव्हा ताई म्हणाली होती, "छोट्या, ह्या म्हणजे केस मुद्दाम पांढरे रंगवून हिंडणाऱ्या कॉलेजातल्या पोरी." हे तिनं तसंच्या तसं लिहिलंही होतं, आणि महिनाभर वाचकांची पत्रं येत होती. हिरव्या गाडीची टाकी बाबांच्या गाडीसारखी होती, अगदी त्याच मळकट हिरव्या रंगाची. लहानपणी तो टाकीवर, बाबा मध्ये, ताई मागे. टाकी तापली की मांड्या भाजायच्या, आणि तो कुरकुरला की बाबांच्या काखेखालून ताईचा हात यायचा आणि मांडीखाली रुमालाची घडी सारायचा. परवा पहिल्यांदा हिरवीवर बसला तेव्हा त्यानं टाकीला हात लावून बघितला होता. थंड होती. मजकुरात मात्र त्यानं तिला तिसरा नंबर दिला होता, कारण खडबडीत रस्त्यावर ती कमरेला लाथा घालत होती. काळी आणि तांबडीही घालत होत्या, पण हिरवी जास्त. मजकूर तयार होता, संपादकाला पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. निकाल लागलेला होता आणि तो खोटा होता.

ताई त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मासिकात ती त्याच्या आधीपासून होती. प्रुफं तपासायची, आणि ह्याला नोकरी लावली तीही तिनंच. पहिल्याच वर्षी तेव्हाच्या संपादकांनी ठरवलं की गाडीची परीक्षा डबलसीट झाल्याशिवाय पुरी होत नाही. मग मागे कोण बसणार? वाळूची पोती बांधायची, असं कुणीतरी सुचवलं. ताईनं लाल पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी बसते. इथे खुर्चीवर तरी काय करते?" पोती राहिली बाजूला, आणि ताई वीस वर्षं मागे बसली. 'मागच्या सीटवरून' नावाची साठ शब्दांची चौकट तिची. ह्याच्या चार पानांपेक्षा लोक ती चौकट आधी वाचायचे, हे त्याला माहीत होतं आणि त्याचा थोडासा हेवाही वाटायचा, खोटं का बोला. 'ह्या गाडीवर मागे बसून भांडता येत नाही, कारण धरायला काही नाही,' असं ती लिहायची. 'सीट इतकी उतरती आहे की नको तेवढी जवळीक होते. भाऊ चालवत असेल तर घेऊ नये.' चौकटीखाली बारीक टाइपात छापलेलं असायचं : चालक ७४ किलो, मागे ५८ किलो. बारा वर्षांपूर्वी गाड्या तोलायच्या वर्कशॉपमधल्या काट्यावर दोघांनी हसत हसत वजनं केली होती, तेव्हापासून ती ओळ बदललेली नव्हती. निघायच्या आधी तो गुडघ्यावर बसून कडी फिरवायचा, ती हेल्मेटचा पट्टा ओढत उभी असायची. मग ती त्याच्या खांद्यावर हात टेकून चढायची, गाडी मागून किंचित खाली बसायची, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा पडायच्या. बसले, चल. दोन थापा पडल्याशिवाय त्यानं कधी क्लच सोडला नाही.

"मी वरून जुने अंक बघून येतो," तो म्हणाला. "किती गाड्यांचं वाटोळं केलंय ते तरी कळू दे." मेकॅनिक म्हणाला, "वाटोळं कसलं हो, साहेब. चुकतं माणसाचं." जिना चढताना त्याला लाज वाटत होती आणि त्या लाजेखाली जरासा अभिमानही होता. दहा महिने झाले तरी आपण तिला विसरलो नाही. आपण कदाचित विसरलो असू. जेवतो, हसतो, परवा तर शीळसुद्धा घातली. पण आपले हात विसरले नाहीत, ते रोज सकाळी तिच्यासाठी जागा करून ठेवतात. हे दुःख माणसाला बाळगता येतं. कुणाला सांगितलं तर समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईल असलं ते दुःख होतं, आणि जिन्याच्या वळणावर ते कुणाला सांगावं ह्याचा विचारही त्यानं करून घेतला. नंतर ह्या विचाराची त्याला सगळ्यात जास्त शिसारी आली.

वरच्या खोलीत अंकांचे गठ्ठे होते. त्यानं अलीकडून मागे जायला सुरुवात केली. ह्या महिन्याचा, कडक. मागचा, कडक. त्याच्या मागचा, 'मागचं चाक खड्ड्यात आपटतं'. एकेक करत तो ताई गेली त्या महिन्यापाशी आला. त्याच्या आधीचे चार महिने ती अंथरुणावर होती, तेव्हाही तो एकटाच चालवत होता. त्यातही कडक. म्हणजे हात तेव्हापासूनच तिसरीवर गेलेले. बरं. इथे थांबायला हरकत नव्हती, हिशेब लागला होता. पण बोटांनी त्याच चालीत पुढचा अंक ओढला. ह्या अंकात ताईची चौकट होती. म्हणजे ती मागे बसलेली होती, म्हणजे तिसरी खाच बरोबर होती. मजकुरात लिहिलं होतं : 'हल्ली सगळ्याच कंपन्या मागची स्प्रिंग कडक ठेवू लागल्या आहेत, ही चिंतेची बाब आहे.' त्यानं आणखी एक अंक ओढला. त्यात कडक. आणखी एक, त्यात कडक. चौथ्यात एक निळी गाडी होती, आणि तिच्याबद्दल त्यानं लिहिलं होतं : 'नेहमीच्या डबलसीटच्या खाचेवरही मागची बाजू ताठ वाटते. दोघं बसूनही गाडी हवी तेवढी खाली बसत नाही.' पाचव्या अंकात तक्रार नव्हती. सहाव्यातही नव्हती. त्याच्या मागे वीस वर्षं कुठेच नव्हती.

दोघं बसूनही. तो जमिनीवर बसला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत होता, तेवढं त्याला लख्ख ऐकू येत होतं. स्प्रिंगा कडक झाल्या नव्हत्या. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार गाड्यांच्या स्प्रिंगा एकाच वेळी कशा कडक होतील? हा साधा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. चाकात हवेचं एखादं पौंड कमी असलं तरी ज्याला समजतं म्हणून लोक ज्याचं नाव घेतात, त्याला पडला नाही. आणि त्याच्या कमरेला तर समजलं होतं. पहिल्या महिन्यात समजलं होतं. डॉक्टरच्या आधी, ताईच्याही आधी कदाचित, त्याच्या कमरेनं सांगितलं होतं की मागचं माणूस हलकं होत चाललंय, आणि त्यानं ते लिहून काढलं होतं, छापलं होतं, चाळीस हजार लोकांना वाचायला दिलं होतं. फक्त दोष कंपनीला दिला होता. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या टेबलापलीकडून डॉक्टर म्हणाले होते, "तीन-चार महिने आधी आला असतात तर..." आणि मग त्यांनी वाक्य तिथेच सोडून पेनाचं टोपण लावलं होतं. ते वाक्य त्यानं पुरं करून घेतलं नव्हतं. कसं कळणार होतं आधी, असं तो स्वतःला म्हणत आला होता. सगळेच म्हणतात.

खाली येऊन त्यानं मेकॅनिकला विचारलं, "ताई तेव्हा बारीक झाली होती का रे? आजारपण कळायच्या आधी?" मेकॅनिकनं फडकं खाली ठेवलं. "घड्याळाच्या पट्ट्याला भोक पाडून दिलं होतं मी," तो म्हणाला. "दोनदा. घड्याळ कोपरापर्यंत सरकतं म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, एकदा दाखवून घ्या. तर म्हणाल्या, अरे, वय झालं की माणूस आटतं. मी काय बोलणार?" "मला का नाही बोललास?" "तुम्ही रोज बरोबर असायचात, साहेब," मेकॅनिक म्हणाला. त्यात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला निदान चिडता आलं असतं.

भरदुपारी तो घरी आला म्हणून बायको दचकली. "बरं नाही का?" "बरं आहे. ताईच्या चिठ्ठ्यांचा खोका कुठेय?" ताई तिची चौकट प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहायची, ते सगळे कागद तिच्या खोलीतून आणून माळ्यावर टाकले होते. बायकोनं स्टूल धरलं, त्यानं खोका काढला, आणि दोघं पलंगावर समोरासमोर बसली. त्यानं तिला सांगितलं, खाचांपासून सांगायला सुरुवात केली आणि चिंतेच्या बाबीपर्यंत आला. ती ऐकत राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली पण ती एकदाही मागे बसली नव्हती. तिला भीती वाटते असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि तिनं ते कधी खोडून काढलं नव्हतं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "वन्सं वाळत चालल्या होत्या, ते मला दिसत होतं. पण मला वाटलं, तुम्हाला कळलंय. दर महिन्याला लिहीत होतात ना, कडक, कडक. मला वाटलं, तुमच्या भाषेत तुम्ही तेच म्हणताय. बोलायला जड जातंय म्हणून लिहिताय." असं म्हणून तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

निळ्या गाडीची चिठ्ठी सापडली. ताईचं अक्षर नेहमीसारखंच, टपोरं, जराही न हललेलं. 'पायांना जागा ऐसपैस, पकडायची दांडी हाताला येते, सायलेन्सर पोटरी भाजत नाही,' असं सगळं होतं. आणि शेवटी तीन वाक्यं होती, ज्यांच्यावरून लाल रेघ ओढलेली होती. रेघ त्याची होती. बाजूला आकडाही त्याचाच होता, पंच्याहत्तर, आणि त्याच्याखाली साठ. रेघेखालची वाक्यं नीट वाचता येत होती. 'मला विचाराल तर स्प्रिंग कडक झालेली नाही. मीच हलकी झालेय. कंपनीनं एकदा माझंच वजन करावं.'

त्याला सगळं आठवलं. आठवलं नसतं तर किती बरं झालं असतं. दुपारची वेळ, टेबलावर दोन कप, ताई समोर बसून कुठल्याशा प्रुफावर खुणा करत होती. ही तीन वाक्यं वाचून तो मोठ्यानं हसला होता. "विनोद झकास आहे गं ताई, पण पंधरा शब्द जास्त होतायत. जागा नाही." ताईनं वर न बघता म्हटलं होतं, "काढ मग. तू वाचलंस ना? झालं तर." आणि त्यानं रेघ ओढली होती. ती आयुष्यभर असंच बोलायची. दुखलं खुपलं तरी आधी थट्टा करायची, आणि थट्टेच्या तळाशी खरी गोष्ट ठेवायची. ते लहानपणापासून त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती म्हणाली होती, "चल, आता टाकीवरून सीटवर तुला जागा झाली," आणि मग रात्रभर रडली होती. तिनं ती वाक्यं वाचकांसाठी लिहिलीच नव्हती. एका माणसानं वाचावीत म्हणून लिहिली होती, आणि त्या माणसानं ती वाचून, मोजून, काढून टाकली. खाली मात्र छापलं, मागे ५८ किलो. चिठ्ठीवर त्याच्या डोळ्यांतलं पाणी पडलं तेव्हा कागद भिजू नये म्हणून बायकोनं ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

वर्कशॉपला परतायला सव्वाचार वाजले. वाटेतूनच त्यानं संपादकाला फोन केला. "निकाल थांबवा. तिन्ही गाड्या मला पुन्हा चालवायच्यात. चूक माझी आहे, आणि मागच्या सगळ्या अंकांतलीही माझीच, ते मी लिहून देतो." संपादक कुरकुरला, छपाईचं काय म्हणाला, शेवटी उद्या दुपारपर्यंत थांबतो म्हणाला. "आणि एक. 'मागच्या सीटवरून' ह्या वेळी जाईल." संपादकानं विचारलं, "कुणी लिहिलंय?" "तिनंच. पंधरा शब्द आहेत." "चौकट साठ शब्दांची असते." "ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "पंधराच छापा. बाकीची जागा रिकामी जाऊ दे. आणि खालची वजनाची ओळ काढून टाका." संपादकानं कारण विचारलं नाही.

मेकॅनिक पाना घेऊन पुढे आला. "मी करून देतो, साहेब." "नको, दे इकडे." तो हिरवीच्या मागे गुडघ्यावर बसला. ह्या वेळी त्यानं हातांवर लक्ष ठेवलं. पाना अडकवला, उलट्या बाजूनं ओढला. तिसरीवरून दुसरी, टक्. दुसरीवरून पहिली, टक्. उजव्या बाजूला जाताना त्याला एकदा चाकाचा आधार घ्यावा लागला. तिथेही दोनदा. त्यानं पाना पुसला, डब्यात ठेवला, हेल्मेट घातलं आणि सीटवर बसला.

गाडी मागून किंचित खाली बसली.

ह्याची त्याला कल्पनाच नव्हती. खरं म्हणजे असायला हवी होती. सैल स्प्रिंग एकट्याच्या वजनानं तेवढीच बसते जेवढी ताठ स्प्रिंग दोघांच्या वजनानं बसते. खाचा असतात त्या त्याचसाठी. पण दहा महिन्यांत, त्याच्याही आधीपासून, गाडी त्याच्याखाली अशी बसली नव्हती. मऊ, बिनबोभाट, खांद्यावर हात टेकून कुणीतरी मागे चढल्यावर बसायची तशी. त्याची पाठ आपसूक ताठ झाली, मागच्याला जागा व्हावी म्हणून तो दोन बोटं पुढे सरकला. बटण दाबलं. तो बेतलेला जुना आवाज सुरू झाला आणि टाकी मांड्यांना हळूहळू कोमट लागू लागली. त्यानं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि थांबला.

मेकॅनिकनं फाटक उघडून धरलं होतं. समोर रस्ता मोकळा होता, ऊन उतरलं होतं, खडबडीत पट्टा इथून दहा मिनिटांवर होता. "काय झालं, साहेब?" तो म्हणाला. "निघा की."

"हो," तो म्हणाला. "निघतो." पण उजव्या खांद्यावर अजून थापा पडल्या नव्हत्या, आणि क्लचवरची बोटं काही केल्या सुटेनात.